हॉल्टिंगची गाडी जिथं उभी राहते

एसटीत 31 वर्षं ड्रायव्हरकी केली, त्यातल्या निम्म्या रात्री हॉल्टिंगवर गेल्या. शहरातल्या पोरांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो. शेवटची फेरी घेऊन जी गाडी खेड्यात जाते, तिथंच रात्र काढते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन तालुक्याला येते, ती हॉल्टिंगची गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर सीटवर आडवे होतात, नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. कागदोपत्री त्याला रात्रवस्ती म्हणतात आणि भत्ताही त्याच नावानं मिळतो. म्हणजे मोटरहोम, राहायची सोय असलेली गाडी, हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधीपासून मी गाडीत झोपत होतो. फक्त ती गाडी महामंडळाची होती आणि तिला गादी नव्हती.

रिटायर झालो तेव्हा जावयाच्या नादानं एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. मागच्या सिटा काढून पलंग, छोटा ओटा, 80 लिटरची पाण्याची टाकी, वर सोलरची पाटी. बदलाची नोंद आरसीवर करून घ्यायला जावयानं आरटीओत बरेच खेटे घातले. ते टाळू नका. नोंदीशिवाय बॉडीत बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं आणि अपघात झाला की विमावाले तेच पहिलं विचारतात. महाराष्ट्र शासनानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण आमच्या विदर्भातल्या खेड्यांत वीज-पाण्याची सोय असलेला कॅराव्हॅन पार्क मला तरी अजून भेटला नाही. तेव्हा रात्री कुठं थांबायचं हे आपलं आपणच शोधायचं. त्यासाठी मला एकच युक्ती नीट येते, ती आधी सांगतो.

तालुक्याच्या बसस्टँडवर जा आणि कंट्रोलरच्या खिडकीत विचारा, "साहेब, या बाजूला हॉल्टिंग कोणत्या गावाला आहे?" तो सांगतो, अगदी किती वाजता पोचते तेही सांगतो. त्या गावात संध्याकाळीच जाऊन थांबा. कारण साधं आहे. जिथं दहा टनांच्या वरची बस पावसाळ्यातही रोज रात्री उभी राहते, तिथली जमीन पक्की असते. वळायला जागा असते. बहुतेक ठिकाणी खांबावर दिवा असतो, जवळ हापशी असते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या गावाला रात्री दारात परकी गाडी उभी असण्याची सवय असते. कुत्रीसुद्धा दोनदा भुंकून गप्प होतात.

फक्त बसच्या जागेवर गाडी लावू नका. तिला वळायला जेवढी जागा लागते तेवढी मोकळी ठेवून बाजूला लागा. रात्री आठ-नऊला दमून आलेल्या ड्रायव्हरला तुमच्या गाडीमुळे चार वेळा मागं-पुढं करावं लागलं, तर तो काय म्हणेल ते मी इथं लिहू शकत नाही. आणि आल्या आल्याच गाडी वळवून तोंड रस्त्याकडे करून ठेवा. हा आमचा हॉल्टिंगचा पहिला नियम. रात्री कुणाला सर्पदंश झाला, कुणी बाळंतीण अडली, तर गाव आधी उभ्या गाडीकडेच धावतं. तेव्हा अंधारात रिव्हर्स मारायला वेळ नसतो. (108 ची गाडी येतेच, पण कधी कधी ती येईपर्यंत आपणच अर्ध्या वाटेपर्यंत न्यायचं असतं.)

पोचायची वेळ म्हणजे दिवस बुडायच्या एक तास आधी. डिसेंबरात आमच्याकडे साडेपाचलाच दिवस बुडतो, म्हणजे साडेचारला तुम्ही गावात पाहिजे. अंधारात शिरलेल्या गाडीवर गाव संशय घेतं, आणि त्यात गावाची चूक नाही.

आता विचारायचं कुणाला. नियमानं पोलीस पाटील. गावात कोण परकं आलं, गेलं, हे ठाण्याला कळवायचं त्याचं कामच आहे, म्हणून त्याला नाव, गाव, गाडी नंबर, किती माणसं, उद्या किती वाजता निघणार हे सगळं आपणहून सांगून टाकायचं. मग सरपंच. सरपंच बाई असल्या तर बरेचदा त्यांचे यजमानच पुढं येतात. तरी आमची मंडळी मुद्दाम घरात जाऊन बाईंनाच विचारते, आणि ते त्यांना फार आवडतं. खरं सांगायचं तर आमच्या दोघांतलं निम्मं काम तीच करते. मी गाडी लावत असतो तेव्हा ती रिकामा गुंड घेऊन हापशीवर जाते. पाणी आमच्या टाकीत असतंच. पण हापशीवर चार बायका भेटतात, "कुठल्या बाई तुमी? पोरंबाळं किती? हे कायची गाडी हाय?" असं सुरू होतं, आणि ती गुंड भरून परत येईपर्यंत अर्ध्या गावाला कळलेलं असतं की ही फिरस्ती म्हातारी माणसं आहेत, चोर नाहीत. एकटा पुरुष फिरत असेल त्यानं पानटपरीवर बसून एक चहा जास्त प्यावा. तेवढा आराम पडत नाही, पण चालतं.

गाडीबद्दल लोकांचे गैरसमज होतात, ते लगेच दूर करायचे. राळेगाव तालुक्यात एकदा सकाळी सहाला दार वाजलं. बाहेर एक आजी, कडेवर तापानं फणफणलेला नातू. "डॉक्टर उठले का जी?" पांढरी गाडी, वर पाटी, म्हणजे फिरता दवाखाना असं त्यांना वाटलं होतं. मंडळीनं पोराचं अंग पुसून काढलं आणि आम्ही त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन सोडलं. तेव्हापासून गाडीच्या मागं मोठ्या अक्षरांत 'खाजगी, घरची गाडी' असं लिहून घेतलं आहे.

शाळेचं मैदान सगळ्यांना सुचतं. मुख्याध्यापक हो म्हणाले तर उत्तम, पण सकाळी परिपाठाच्या आधी जागा मोकळी झाली पाहिजे, आणि मार्चपासून सकाळपाळी लागली की तो परिपाठ सातलाच असतो. देवळाचं आवार त्याहून सोयीचं. आमच्या भागात बऱ्याच गावांत तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ आहे, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. गाडी लावून तिथं जाऊन मागं बसा. ओळख करून द्यायची वेगळी गरज पडत नाही. पहाटे ध्यानालाही भोंगा लागतो, म्हणून झोप सावध असेल तर गाडी भोंग्याच्या पाठीमागं लावा, तोंडासमोर नको.

बाजाराच्या ओट्यांजवळ मात्र विचारल्याशिवाय थांबू नका. जागा सपाट, दिवा, पाणी, सगळं दिसायला छान. पण दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार असला तर पहाटे चारला भाजीचे टेम्पो येतात आणि तुमची गाडी वांग्याच्या पोत्यांच्या मधोमध सापडते. मग बाजार उठेपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत, तुम्ही तिथंच. आमचं हे मारेगावच्या बाजूला झालं. दिवसभर बसून मंडळीनं पाच किलो तूरशेंगा सोलल्या.

तालुक्याच्या गावी थांबायचं तर बाजार समितीचं यार्ड ही माझी पहिली पसंती. हे मोटरहोमवाल्यांना कुणी सांगत नाही. माल घेऊन आलेले शेतकरी लिलावाच्या आदल्या रात्री तिथंच ट्रॅक्टरखाली झोपतात, म्हणून चौकीदार, दिवे, पाणी, संडास असतो, कँटीनमध्ये चहा मिळतो. गेटवर सांगायचं, वहीत नोंद करायची. शिवाय बऱ्याच यार्डांत वजनकाटा असतो. शंभरेक रुपयांत आपली गाडी भरून किती वजनाची झाली ते कळतं. सगळं सामान आवरून आम्ही पहिल्यांदा वजन केलं तेव्हा मी मंडळीच्या लोणच्याच्या बरण्यांकडे पाहिलं आणि तिनं माझ्या अवजारांच्या पेटीकडे. ऑक्टोबरात सोयाबीन येतं तेव्हा मात्र यार्डात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा जाऊ नका.

कापसाच्या हंगामात कुणी जिनिंगच्या आवारात थांबायला बोलावलं तर जा, पण स्वयंपाक बाहेर उरकून जा. गॅस नाही, उदबत्ती नाही, डास मारायची कॉइलसुद्धा नाही. रुईच्या गंजीला ठिणगी पुरते, आणि बाहेरून विझली तरी ती आतून धुमसत राहते.

हायवेवर, म्हणजे नागपूर-हैदराबादच्या 44 नंबरवर किंवा अमरावती-अकोल्याच्या 53 नंबरवर, पेट्रोल पंप आणि ट्रकवाल्यांचे ढाबे. पंपावर डिझेल भरा आणि मग विचारा. भरणाऱ्या पोराला नको, मॅनेजरला विचारा. पोराची पाळी रात्री बदलते आणि दुसरा येऊन काच ठोकतो. ढाब्यावर दोन्हीकडे ट्रक लागतील अशा जागी शिरू नका, सकाळी निघता येत नाही. डिझेलच्या टाकीला कुलूप हवंच. समृद्धीवर कडेला थांबायचं नाव काढू नका. मागून ताशी 120 नं येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. मेहकर, सिंदखेड राजा, कारंजा, जिथं इंटरचेंज येईल तिथं खाली उतरा. मेहकरला उतरलं तर लोणार जवळ पडतं. तिथं सरोवराच्या काठाशी नाही, पर्यटन महामंडळाच्या निवासाच्या आवारात विचारून थांबा. शेगावला भक्तनिवासाच्या बाजूला पार्किंग मोठं आहे, पण सेवेकरी सांगतील तिथंच आणि तसंच. प्रकट दिन, ऋषिपंचमी या दिवसांत शेगावात गाडी नेऊच नका, शेगावच्या अलीकडच्या एखाद्या गावात ठेवून एसटीनं जा.

आता माझी फजिती, कारण त्यातून तुम्हाला सगळ्यात जास्त कामाचं मिळेल.

आर्णीच्या पलीकडे एका ओळखीच्या माणसाच्या शेतात थांबलो होतो. फेब्रुवारी, आभाळ निळंशार. पांदण रस्त्यानं आत, धुऱ्याशेजारी, म्हणजे बांधाजवळ, बाभळीच्या आडोशाला मस्त जागा. शेतमालकाचा पोरगा म्हणाला, "काकाजी, रातच्यानं पाणी आलं त गाडी निंघनार नाही, सांगतो तुमाले." मी म्हटलं, "बाबू, 31 वर्षं गाडी चालवली म्या." रात्री दोनला अवकाळी आला. अर्धा तासच, पण गारांसकट. सकाळी पाहतो तर मागची चाकं निम्मी खाली. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पाणी लागलं की फुगून लोण्यासारखी होते. मी एकदा रेस केली आणि गाडीच्या पोटाखालचं डिफरन्शियल जमिनीला टेकलं. तो पोरगा काही बोलला नाही. शेजारच्या धुऱ्यावरून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, भारा घेऊन आला, चाकापुढं आणि मागं दाबून भरला. टायरमधली हवा कमी करायला लावली. मग ट्रॅक्टर मागून लावला. आलो त्याच चाकोरीतून मागं ओढायचं, कारण तेवढीच माती दबलेली असते. पुढं ओढलं की नवीन चिखल. दोर ताणला की दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, तुटला तर चाबकासारखा येतो. अडीच तास लागले. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. जाताना एवढंच म्हणाला, "काकाजी, एसटी डांबरावर चालते."

तेव्हापासूनचा माझा नियम असा. जून ते ऑक्टोबर फक्त मुरूम, डांबर किंवा सिमेंट. इतर दिवसांत उतरून टाच दाबून पाहायची. टाच रुतली किंवा जमिनीला भेगा दिसल्या तर ती जागा सोडायची. पांदणीत शिरायचंच नाही, समोरून बैलबंडी आली तरी कुणाला मागं जाता येत नाही. आणि बाभळीखाली नाही, तिचा काटा टायर ओळखतो. बाभळीवरून आठवलं, मोहाखालीही नाही. मार्च-एप्रिलात पहाटेच लोक फुलं वेचायला येतात आणि त्यांच्याही आधी अस्वल येतं. कडुलिंबाची सावली सगळ्यात चांगली. झाड गाडीच्या पूर्वेला ठेवा म्हणजे सकाळचं ऊन अंगावर येत नाही.

उन्हाचं काय सांगू. चंद्रपूर, ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि पत्र्याची गाडी रात्री दोनपर्यंत भट्टी असते. त्या दिवसांत फिरू नका. फिरायचंच तर सिमेंटचं यार्ड सोडून मोकळ्या मातीवर थांबा, सिमेंट रात्रभर वाफ सोडतं. किंवा चिखलदऱ्याला जा. तिथल्या घाटात मात्र उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. एसटीत आम्ही स्टार्टर दगा देणारी गाडी मुद्दाम उतारावरच लावायचो. घरच्या गाडीत तसं केलं तर मंडळी रात्रभर पायथ्याकडे घसरत राहते आणि सकाळी बोलत नाही. ओट्यावर लिंबू ठेवून पाहा, घरंगळलं नाही तर जागा सपाट.

जंगलाच्या पट्ट्यात सगळं वेगळं. ताडोबा, टिपेश्वर, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा यांच्या आसपास, सिंदेवाही-ब्रह्मपुरी भागात तर शेतशिवारातही, रात्री रस्त्याच्या कडेला थांबायचं नाही. जंगलात मुक्काम वनखात्याच्या परवानगीशिवाय करताच येत नाही. मोहर्लीसारख्या गेटवरच्या गावात एखाद्या होमस्टेच्या कुंपणाच्या आत विचारून गाडी लावा आणि अंधार पडल्यावर खाली उतरू नका. 2018 साली राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात माणसं मारणारी ती टी-1 वाघीण होती तेव्हा आम्ही दोघं, मी आणि कंडक्टर, रात्री लघवीलाही जोडीनं, टॉर्च घेऊन, गाडीला हात लावून उभे राहायचो. गाडीत पोर्टेबल संडास असणं ही चैन नाही, जंगलाकाठी तो जिवाचा प्रश्न आहे. वनखात्याचा नंबर 1926, पोलिसांचा 112, राष्ट्रीय महामार्गाचा 1033, हे दाराच्या आतून चिकटवून ठेवा.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. रानडुकरांसाठी काही जण धुऱ्यावर तार लावून तिच्यात रात्री करंट सोडतात. बेकायदेशीर आहे, माणसं मेली आहेत, तरी लावतात. म्हणून रात्री चांदणं पाहायला शेतात शिरू नका, टॉर्च असला तरी नाही.

पाण्याच्या काठाचा मोह आवरा. नदीपात्रात आणि रपट्याजवळ, म्हणजे बुटक्या पुलाजवळ, कधीच नाही. पाऊस वर मध्य प्रदेशात पडतो आणि पाणी इथं वाढतं. गोसेखुर्दच्या किंवा अप्पर वर्धाच्या खालच्या अंगाला थांबला असाल आणि धरणाचा भोंगा ऐकू आला तर चहा तसाच टाकून निघा. रेतीघाटाच्या रस्त्यावरही नको, तिथं रात्रभर टिप्पर पळतात आणि कोण कुठून आला हे विचारलेलं त्यांना आवडत नाही. भंडारा-गोंदियातले मामा (मालगुजारी) तलाव सुंदर, पण पाळीवर, म्हणजे बांधावर, गाडी चढवू नका, ती गाडीसाठी बांधलेली नाही. गावाच्या बाजूला थांबा आणि पहाटे ढिवर बांधव जाळं काढतात तेव्हा चालत जा. ताजी मासोळी तिथंच मिळते.

गडचिरोलीत आलापल्लीच्या पुढं जायचं तर दिवसाच जा, आणि मुक्काम जिथं असेल तिथल्या पोलीस ठाण्यात आधी सांगा. पावसाळ्यात भामरागडच्या पर्लकोटा नदीला पूर येतो, तेव्हा तिकडं नाहीच.

राहिली घाण. भांड्यांचं पाणी हापशीच्या चौथऱ्यावर ओतू नका, तिथं गुरं पाणी पितात. बादलीत धरा, परसातल्या केळीला विचारून घाला. संडासाची टाकी पंपावरच्या सेप्टिक टाकीत, परवानगीनं, आणि नंतर दोन बादल्या पाणी. त्यात वास मारणारं ते निळं औषध घालत असाल तर खेड्यातल्या दोन खड्ड्यांच्या संडासात कधीच ओतू नका. त्यातले किडे मरतात, खत होत नाही, आणि पुढच्या वर्षी खड्डा उपसणारा तुम्हाला शिव्या देतो. वीज मागायची तर घरातल्या साध्या प्लगची. शेतीपंपाच्या लाइनला हात लावू नका. त्या दाबात माझा एक चार्जर गेला आहे.

पैसे कुणी घेत नाही. आम्ही शाळेला खडूचे डबे आणि वह्या देतो, देवळात तेल. एकदा एका सरपंचांनी विचारलं, "काकाजी, येवढं फिरता त आमच्या गावात यस्टी पुन्हा सुरू करता येते का पाहा ना." तिथली हॉल्टिंग बंद होऊन काही वर्षं झाली होती. मी अर्ज लिहून दिला, आगारात जाऊन दिलाही.

सकाळी निघताना घाई करू नका. आधी उतरून गाडीभोवती एक चक्कर मारा, वाकून खाली पाहा, प्रत्येक चाकाच्या मागं पाहा. थंडीच्या दिवसांत इंजिनाची ऊब धरून खाली काय काय झोपतं. आमच्या गाडीखालून आतापर्यंत कुत्र्याची पिल्लं निघाली, दोन वेळा शेळी निघाली, आणि झरीजवळच्या एका गावात घोंगडं पांघरलेला एक आजोबा. त्यांना उठवलं तर म्हणाले, "थांब गा, लाल गाडी येऊ दे."